उन्हात फिरणारा वायपर

मे महिन्यातली भर दुपार. परतूरकडच्या एका कापूस व्यापाऱ्याची गाडी दुकानात शिरली ती कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र ओढतच. शेठ उतरले आणि थेट मुद्द्यावर आले. "मिस्तरी, पावसाचा पत्ता नाही अन् वायपर फिरायलाय. दिवसा हेडलाईट लागायलेत. रस्त्यानं जो तो पंजा उघडझाप करून दाखवायलाय. नवा सेन्सर टाकला, तरी तेच."

हा शेवटचा शब्द ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

समृद्धीवर दगड उडून पुढची काच तडकली होती. ती विम्यात बदलून घेतली आणि त्यानंतर हे सुरू झालं. एका मोठ्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, त्यात रेन सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला, सेन्सर बदलला, बिल दिलं. स्कॅनरने ज्याचं नाव घेतलं तो पार्ट बदलायचा, ही आता रीतच झालीय. काचेकडे बघायला कोणाला वेळ आहे!

हा सेन्सर आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटलेला असतो. पाऊस आणि उजेड, दोन्ही ओळखणारी एकच डबी. त्यातून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश साधारण ४५ अंशांत काचेत शिरतो. बाहेर कोरडी हवा असेल तर ४२ अंशांच्या पुढे तिरपा आलेला प्रकाश काचेबाहेर पडू शकत नाही, तो सगळा आत परततो. काचेवर पाणी आलं की हीच हद्द ६२ अंशांच्या आसपास जाते. मग तो प्रकाश थेंबातून बाहेर निसटतो, परत येणारा कमी होतो आणि गाडीला पाऊस कळतो. म्हणजे सेन्सर पाणी मोजत नाही, परत आलेला उजेड मोजतो. तो उजेड दुसऱ्याच कारणाने कमी झाला तरी त्याच्या लेखी पाऊसच.

आधी वायरिंग उरकलं. तीन वायरी: १२ व्होल्ट, अर्थ आणि लिन, म्हणजे सेन्सर अन् गाडीचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायर. लिनच्या वायरीवर मीटरचा आकडा बॅटरीपेक्षा थोडा खाली थरथरत होता, म्हणजे बोलणं चालू होतं. मोबाईलचा पुढचा कॅमेरा सेन्सरसमोर धरला तर जांभळट ठिपका दिसला. डबी जिवंत होती.

मग बाहेरून टॉर्च तिरपी धरून काचेतून बघितलं. सेन्सर आणि काच यांच्या मध्ये पारदर्शक जेलची चकती असते. तिच्यात हवा राहिली की प्रकाश काचेत नीट शिरतच नाही. इथे तर साबुदाण्यासारखे बुडबुडे, कापडाचा एक धागा आणि कडेला अंगठ्याचा ठसा! काच बदलताना जुनीच जेल पुन्हा दाबून बसवली होती आणि सेन्सर बदलणाऱ्यानेही तीच पुन्हा वापरली. सकाळी गारव्यात वायपर बऱ्यापैकी गप्प आणि दुपारी तापल्यावर सुरू, याचा मी लावलेला अर्थ असा, की उन्हात बुडबुडे फुगत असणार. छातीठोक सांगत नाही, पण दुसरं काही जुळत नाही.

आमचा पोऱ्या म्हणाला, "हार्डवेअरमधून पारदर्शक सिलिकॉन आणू का? मोबाईलवर एकानं तसंच केलंय." मोबाईलवर सगळंच होतं. जेल जालन्यात मिळाली नाही, संभाजीनगरहून मागवली.

हेडलाईटचं कारण मात्र वेगळं निघालं. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात सेन्सरसाठी एक मोकळी खिडकी ठेवलेली असते. नव्या काचेवर शेठनी बाहेरून 'आई तुळजाभवानी' अशी रेडियमची काळी पट्टी लावली होती. खिडकीचा आभाळाकडे बघणारा वरचा भाग नेमका तिच्याखाली गेला होता. सेन्सरला भर उन्हात संध्याकाळ वाटत होती. वर्कशॉपात ही पट्टी कोणाला दिसलीच नसेल, असं मला वाटत नाही.

"पट्टी काढावी लागंल," म्हटल्यावर शेठचा चेहराच बदलला. "देवीच्या नावाला ब्लेड लावायचं नाही." खिडकीपुरता तुकडा कापू म्हणालो, तेही नको. शेवटी हीट गनने हळूहळू ऊब देत अख्खी पट्टी न फाटता सोडवली आणि मागच्या काचेवर लावून दिली. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

जेल बसवायच्या आधी शेठला विचारलं, "जुना सेन्सर आहे का?" तो डिकीत खोक्यात पडून होता. नवी जेल लावून मुद्दाम तोच बसवला, स्कॅनरवर कोडिंग, म्हणजे सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळलाय का, ते तपासून घेतलं. वायपर ऑटोवर ठेवून पोऱ्याने स्प्रेने पाणी मारलं, वायपर फिरला. काच पुसली, थांबला. दुपारभर गाडी उन्हात उभी केली तरी हू की चू नाही. खिडकीवर टोपी धरली की हेडलाईट लागले, काढली की थोड्या वेळाने गेले.

म्हणजे जुना सेन्सर ठणठणीतच होता. शेठनी तिथूनच वर्कशॉपला फोन लावला. "इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही," एवढंच उत्तर. नवा सेन्सर विकून द्या म्हणून तो माझ्याकडे ठेवून गेलेत, पण एकदा गाडीला लागलेल्या सेन्सरला पुरी किंमत कोण देणार?

वर्कशॉपचं बिल त्यांनी निमूट भरलं होतं. माझी मजुरी ऐकून मात्र म्हणाले, "एवढी कशाची? नुसतं चिकटवायचं तर काम होतं."