हंपीला निघण्याआधी: जुन्या बुलेटची तयारी

आमची बुलेट १९९४ ची, वडिलांनी घेतलेली. साडेतीनशे सीसी, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या संपर्कांवर चालणारी. साताऱ्यात ती रोज पोवई नाक्यावरून एमआयडीसीपर्यंत जाते-येते, एखाद्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला. तेवढ्याला कधी कुरकुर करत नाही. पण यंदा दिवाळीनंतर हंपीला जायचं ठरलं. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट असा रस्ता. रोजच्या चालण्यात इंजिन पुरतं तापायच्या आत आपण पोचलेलो असतो. दिवसभर एका चालीनं, सामान आणि मागे माणूस घेऊन चालणं ही गाडीसाठी अगदीच निराळी गोष्ट आहे.

आमच्या मिस्त्रींना सगळी आळी चाचा म्हणते. त्यांनी गाडीकडे बघण्याआधी एकच विचारलं, "निघायचं कधी?" महिना आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग आजच खोलू. आदल्या दिवशी खोललेली गाडी लांब न्यायची न्हाई बघ." पुढचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरलं. जे काही उघडायचं, बदलायचं, ते निघण्याच्या पुष्कळ आधी, आणि मग त्या बदललेल्या गोष्टी घाटात चालवून बघायच्या.

सुरुवात रबरापासून केली. जुनी गाडी किती किलोमीटर फिरली यापेक्षा किती वर्षं उभी आहे हे रबराला जास्त कळतं. पुढच्या टायरची नक्षी उत्तम होती, पण बाजूला चार आकडे असतात ते वाचले तर २२१३, म्हणजे २०१३ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला माल. नख रुतवून बघितलं तर रुतेना, आणि कडेला केसासारख्या भेगा. असा टायर कोरड्या रस्त्यावर काही सांगत नाही, ओल्या वळणावर सांगतो. दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टी बदलली. चाकं उघडलीच होती म्हणून आरे तपासले. प्रत्येक आऱ्यावर पान्यानं हलकेच टिचकी मारत जायचं. ताणलेला आरा टणकन वाजतो, ढिला भद्द आवाज करतो. मागच्या चाकात ढिले निघाले, म्हणून आऊट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला दिलं.

पेट्रोलची नळी बदलली, कार्बोरेटरच्या वाटीचं रबर बदललं, मागच्या हबमधली रबरं बदलली. पेट्रोलच्या नळीबद्दल थोडं सांगायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांची रबरं त्या काळी या मिश्रणाचा विचार करून बनवलेली नव्हती. आमची जुनी नळी बाहेरून ठीक दिसत होती, पण टाकीखालच्या कॉकपाशी (पेट्रोलच्या तोटीपाशी) वाकवल्यावर आतून चिरलेली निघाली. शिवाय इथेनॉल ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवलेली बरी. चाचा तर टाकीचा कॉकही काढून त्याची जाळी धुतात. आमच्या जाळीवर गंजाची तांबडी भुकटी होती, टाकी दोनदा धुवावी लागली.

मग तेल. या गाडीत तेलाची वेगळी टाकी नसते, क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोळीतच, तेलासाठी कप्पा केलेला असतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की तेल पंपातून झिरपत इंजिनच्या तळात उतरतं. अशा वेळी डिपस्टिक काढली की तेल कमी दिसतं, माणूस घाबरून वरून ओततो, आणि गाडी सुरू झाली की जास्तीचं सगळं ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून बाहेर येतं. तेलाचं माप इंजिन पाचेक मिनिटं चालवून, बंद करून, जरा थांबून बघायचं.

तेल गरम असतानाच सोडलं. चाचांनी ते पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उन्हात धरलं. काळा गाळ चालतो, पण चमकणारा कण दिसला तर इंजिन उघडायचं, मग हंपी वगैरे विसरायचं. फडक्यावर नुसती काळी माती होती. उजव्या कव्हरमधला कापडी फिल्टर बदलला. तो बसवताना वॉशर आणि स्प्रिंग जिथल्या तिथे आहेत ना, हे बघावं लागतं, नाहीतर तेल फिल्टरला वळसा घालून तसंच पुढे जातं. नवं २०डब्ल्यू५० तेल भरलं.

मी गाडी सुरू करायला निघालो तर चाचांनी हात धरला. "आधी तेल वर चढू दे." फिल्टरची जागा रिकामी असते, तेल तिथे भरून पुढे जायला वेळ लागतो. चावी बंद, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून धरायचा आणि सावकाश किका मारत राहायच्या. मग इंजिन सुरू करून, हळू चालीवर ठेवून, हेडवर रॉकरकडे (वरून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांकडे) जाणाऱ्या बारीक नळीचा पोकळ बोल्ट अर्धा आटा ढिला करायचा. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पहिल्यांदा नुसते बुडबुडे आले, मग बोल्टची कड तेलानं ओली झाली आणि एक थेंब फिनांवर उतरला. बोल्ट आवळला. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि मी तरी आता दर तेलबदलीला ते करणार. रॉकरपर्यंत तेल पोचतंय याचा अर्थ पंप तेल फिरवतोय. नुसत्या डिपस्टिकवरून ते कळत नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधला ढिलेपणा, दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, कारण इंजिन पूर्ण गार हवं. प्लग काढला, गाडी मधल्या स्टँडवर, चौथा गिअर, आणि मागचं चाक हातानं फिरवायचं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा अंगठा बाहेर ढकलते, तो कॉम्प्रेशनचा ठोका. पिस्टन वर आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद. उजव्या बाजूचं झाकण काढलं की दोन पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्या, दिसतात. इथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. रॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो अडखळता फिरायला नको, आणि वर-खाली हललेलाही जाणवायला नको. एक पाना खाली, एक मधल्या लॉकनटवर, एक वर, अशी तीन पान्यांची कसरत असते. लॉकनट आवळला की माप थोडं बदलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचं. आमची एक्झॉस्टची दांडी फिरतच नव्हती, म्हणजे तो टॅपेट जास्त आवळलेला होता.

याबद्दल माझं मत ठाम झालंय. गिऱ्हाइकाला टॅपेटचा आवाज नको असतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते आवळून दिले जातात. गाडी गोड वाजते. पण आवळलेल्या टॅपेटनं व्हॉल्व्ह आपल्या जागी पुरता टेकत नाही, आणि टेकला नाही तर त्याला आपली उष्णता हेडला देता येत नाही. गावात त्याचं काही वाटत नाही. हायवेला दोन-दोन तास सलग चालवताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. थोडा टिकटिक आवाज असलेलं इंजिन लांबच्या रस्त्याला चांगलं.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. तो कायम राहत नाही, कारण पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. गाडी ओढत नाही, तापते, आणि आपण कार्बोरेटरला दोष देत बसतो. पॉइंट घासून साफ केले, गॅप लावला, कॅमवर ग्रीसचं बोट फिरवलं.

कंडेन्सरपाशी, म्हणजे पॉइंट जळू नयेत म्हणून जोडलेल्या छोट्या भागापाशी, मात्र आमचा वाद झाला. मी नवा आणला होता, बदला म्हणालो. चाचा म्हणाले, "जुना काय म्हणतोय? ठिणगी पांढरी पडती, पॉइंट जळालेलं न्हाईत. त्याला कशाला काढतोस?" आणि त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच बघितलं. नवा बसवला, मला कासला जाऊन यायला सांगितलं, आल्यावर तो काढून जुना परत लावला आणि नवा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. आजकाल सुटा माल डब्यातून काढल्या काढल्या बिघडलेला निघू शकतो. वर्षानुवर्षं चाललेला भाग चालू ठेवायचा आणि नवा भाग आधी चालवून, खात्री करून पिशवीत टाकायचा. नुसता विकत घेतलेला स्पेअर गदगच्या पुढे रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा बसवून बघणं याला काही अर्थ नाही. त्यानंतर प्लग, पॉइंटसेट, दोन्ही केबली, सगळं असंच बसवून, फिरवून, काढून ठेवलं. क्लचची जादा केबल तर जुनीच्या शेजारूनच ओवून दोन्ही टोकांना बांधली. तुटली तर फक्त टोकं जोडायची.

चेन नवी टाकली. या गाडीत मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात असतात, दाते झिजले तर अख्खा ड्रम बदलावा लागतो. आमचे दाते चांगले होते. चेनचा ढिलेपणा चाक फिरवून, जिथे ती सगळ्यात ताठ असते तिथे मोजायचा, साधारण इंचभर. पुढच्या ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलून ड्रम घासून घेतला. कोनसेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) ग्रीस, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश ठीक, बॅटरीचे टर्मिनल साफ, हँडलपाशी वायरिंग घासत होतं तिथे टेप.

कागदपत्रंही याच काळात बघितली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आमचं २०२४ ला झालंय. एवढ्या जुन्या गाडीची पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) सहाच महिने चालते, ती संपत आली होती.

हे सगळं झाल्यावर नुसती चाचणीफेरी नव्हे, खरी परीक्षा. हंपीला न्यायचं तेवढंच सामान बांधून, बायकोला मागे बसवून, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाटानं वाई आणि पाचवडवरून परत. सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. निघण्याआधी बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन इंजिनचे माउंटिंग बोल्ट, सायलेन्सर, मडगार्ड, फूटरेस्ट अशा प्रत्येक नटावरून शेजारच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढली होती. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. केळघरचा घाट गाडी तिसऱ्या गिअरवर न धापता चढली. पसरणी उतरताना मात्र पुढचा ब्रेक हलका वाटायला लागला. वाईत गणपतीच्या घाटाजवळ थांबून बघितलं तर पुढच्या मडगार्डच्या आणि डाव्या फूटरेस्टच्या रेघा तुटलेल्या.

पुढच्या ड्रममध्ये दोन कॅम असतात आणि बाहेरच्या सळईनं ते जोडलेले असतात. नवे लायनर टाकल्यावर सळईची लांबी जुनीच राहिली होती, त्यामुळे एकच शू (लायनर बसवलेला ब्रेकचा अर्धगोल भाग) पकडत होता आणि दुसरा नुसता फिरत होता. चाचांनी सळई मोकळी करून दोन्ही शू एकदम टेकतील अशी लावली. दोन नटांना स्प्रिंग वॉशर टाकले. पुन्हा पसरणी उतरून आलो, ब्रेक शेवटपर्यंत सारखा लागला. हा दोष गॅरेजच्या दारात सापडला नसता.

त्यानंतर निघेपर्यंत पाना लावला नाही. रोज ऑफिसला तीच गाडी, फक्त तेल आणि हवा बघायची.

रस्त्यात साठ-पासष्टच्या वर नेली नाही, तासाभरानं दहा मिनिटं थांबायचं ठेवलं. बेळगावला मुक्काम केला. नवी चेन सुरुवातीला ताणते, ती हुबळीत आवळून घेतली. तेल थोडं ओतावं लागलं, कास्ट आयर्न इंजिनाला ते लागतंच. होस्पेटला पोचल्यावर सकाळी गार इंजिनावर टॅपेटचं झाकण काढलं. दोन्ही दांड्या बोटांनी फिरत होत्या. पॉइंटचा गॅप किंचित कमी झाला होता, तो लावला. स्पेअरची पिशवी उघडावी लागली नाही.

परत येताना निपाणीजवळ फोर्कच्या (पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या) डाव्या नळीवर तेलाची ओल दिसली. ऑइल सील मागवलंय, पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंचे बदलून घ्यायचे आहेत, आणि मग पुन्हा एकदा पसरणी.