खडकाची स्मृती आणि लहरींची झीज

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेला भूकंप वडोदऱ्यात आमच्या घरी जाणवला, तो संथ हेलकाव्यांच्या रूपाने. याचे एक कारण साध्या आकडेमोडीतून हाती लागते. लहर पसरत गेल्यामुळे होणारी घट बाजूला ठेवली, तर तिचा आयाम, म्हणजे हेलकाव्याची उंची, घातांकी रीतीने घटतो. वारंवारता आणि प्रवासाचा काळ वाढला की ही झीज वाढते, आणि खडकाचा गुणवत्ता गुणांक, म्हणजे क्यू, मोठा असला की ती कमी होते. केंद्रबिंदूपासून वडोदरा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर असल्याने एस लहरींना (जमीन आडवी हलवत येणाऱ्या दुय्यम भूकंपलहरींना) इथवर यायला साधारण दीड मिनिट लागते. वाटेतल्या खडकाचा क्यू ५०० मानला, तर १ हर्ट्झच्या लहरीचा निम्म्याहून थोडा अधिक आयाम शिल्लक राहतो. १० हर्ट्झच्या लहरीचा अर्धा टक्काही उरत नाही. (शहराखालचा गाळ त्यानंतर काय करतो, हा निराळा विषय आहे.)

ही झीज संगणकीय प्रारूपात आणणे मात्र सोपे नाही. श्यान-प्रत्यास्थ, म्हणजे थोडा स्प्रिंगसारखा आणि थोडा दाट द्रवासारखा वागणाऱ्या, खडकातील या क्षणाचे प्रतिबल (आतला ताण) केवळ या क्षणाच्या विकृतीवर (आकारातील बदलावर) नव्हे, तर तिच्या संपूर्ण पूर्वेतिहासावर अवलंबून असते, आणि प्रारूपात खडकाचे जे बिंदू मांडतात, त्या जाळीच्या प्रत्येक बिंदूसाठी तो इतिहास साठवत बसणे परवडण्यासारखे नाही. दोन स्प्रिंग आणि एक डॅशपॉट (हालचालीला घर्षणासारखा विरोध करणारा दट्ट्या) यांचा झेनर घटक घेतला, तर त्याची ऊर्जाहानी एकाच वारंवारतेभोवती शिखर गाठते. प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या पट्ट्यात क्यू जवळजवळ स्थिर आढळतो. म्हणून अशी अनेक शिखरे शेजारीशेजारी मांडावी लागतात. लिऊ, अँडरसन आणि कानामोरी यांनी १९७६ मध्ये हा मार्ग दाखवला, तर एमरिख आणि कोर्न यांच्या १९८७ च्या मांडणीत प्रत्येक शिखरासाठी स्मृतिचले, म्हणजे आतापर्यंतच्या इतिहासाचा सारांश बाळगणाऱ्या राशी, येतात, ज्यांच्या साध्या अवकल समीकरणांमुळे जुना इतिहास जपण्याची गरजच उरत नाही. तरीही त्रिमितीत खडकाच्या कणांचा वेग आणि प्रतिबल यांच्या मूळ ९ राशींवर तीन शिखरांसाठी आणखी १८ राशी चढतात. स्टीव्हन डे यांनी १९९८ मध्ये ही शिखरे शेजारच्या बिंदूंमध्ये वाटून दिली, जेणेकरून प्रत्येक बिंदूने एकाचाच भार वाहावा; मला ही युक्ती या साऱ्या विषयातील सर्वांत देखणी वाटते.

हे सारे नीट जमले तरी एक गोष्ट हमखास निसटते. कार्यकारणभावामुळे (परिणाम कारणाच्या आधी घडू शकत नाही, म्हणून) ऊर्जाहानीबरोबर लहरींच्या वेगातही वारंवारतेनुसार बदल होतोच. क्यू ५० असलेल्या खडकात १ आणि १० हर्ट्झच्या लहरींच्या वेगांत सुमारे दीड टक्का फरक पडतो, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या प्रवासात जवळपास अर्धा सेकंद. त्यामुळे वेग कोणत्या वारंवारतेला मोजला, हे सांगितल्याशिवाय प्रारूपाला क्यू जोडणे मला अर्धवट वाटते. १९८१ मधील ‘प्रेम’ (PREM) या पृथ्वीच्या अंतरंगाच्या संदर्भ-प्रारूपात वेगांची कोष्टके १ सेकंद आणि २०० सेकंद अशा दोन आवर्तकाळांसाठी वेगवेगळी दिली आहेत, ती याच कारणाने.