थेंबात बुडालेला आयन

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू होतं. जर्मनीतल्या आमच्या प्रयोगशाळेत हेलियमच्या सूक्ष्म थेंबांवर रुबिडियमचा एकेक अणू बसवायचा, लेझरने त्याचा आयन करायचा आणि तो मोजायचा, हे माझं काम.

50 बार दाबाचा हेलियम 20 केल्विनपर्यंत थंड करून 5 मायक्रोमीटरच्या नोझलमधून निर्वातात सोडला की काही हजार अणूंचे थेंब तयार होतात. तापमान 0.37 केल्विन, म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ! वाटेत ते रुबिडियमच्या वाफेतून जातात. बहुतेक पदार्थ थेंबाच्या पोटात शिरतात. रुबिडियमसारखे अल्कली धातू मात्र वरच, उथळशा खळग्यात बसून राहतात. मला हे आजही विलक्षण वाटतं.

415 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझरचा पहिला स्पंद अणूला उत्तेजित करतो, तसा तो थेंबापासून दूर ढकलला जातो. दुसरा स्पंद त्याचा इलेक्ट्रॉन काढतो. दोन स्पंदांमध्ये पुरेसं अंतर असलं की आयन भरपूर दिसायचे. अंतर एका पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) खाली आणलं की जवळजवळ गायब. इलेक्ट्रॉन मात्र येतच होते. म्हणजे आयन होत होते, आम्हाला दिसत नव्हते.

तीन आठवडे मी लेझरची जुळणी आणि ओव्हनचं तापमान तपासण्यात घालवले. मग ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधन गटाचं 2010चं काम वाचलं. अणू थेंबाजवळ असतानाच आयन झाला, तर हेलियम त्याला ओढून घेतो. तो आत बुडतो, भोवती हेलियमचं घट्ट कवच धरतो आणि अख्ख्या थेंबासकट पुढे जातो.

मी कागद घेतला. सुटा आयन 9 मायक्रोसेकंदांत डिटेक्टरवर पोचत होता. 5,000 हेलियम अणू चिकटलेला असेल तर अणुवस्तुमान सुमारे 20,000, सुट्या आयनाचं फक्त 85. वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पंधरा पट, 138 मायक्रोसेकंद. आमची नोंद 40 मायक्रोसेकंदांनाच थांबत होती!

नोंद वाढवली, तरी काही नाही. तो दिवस फार जड गेला. रात्री लक्षात आलं की थेंब सेकंदाला साधारण 450 मीटर वेगाने आडवे धावतात. सुटा आयन त्याच्या 9 मायक्रोसेकंदांत जेमतेम चार मिलिमीटर सरकतो, पण 138 मायक्रोसेकंदांत सहा सेंटिमीटर. आमचा डिटेक्टर चार सेंटिमीटर व्यासाचा. आयन त्याच्या शेजारून निघून जात होते.

दुसऱ्या दिवशी आयनांची वाट वळवणाऱ्या विचलन पट्ट्यांवरचा व्होल्टेज हळूहळू वाढवत नेला. जड आयन डिटेक्टरवर सावकाश आदळतात आणि कमी इलेक्ट्रॉन उडवतात, म्हणून प्रवेगाचा व्होल्टेजही चढवला. पडद्यावर 100 मायक्रोसेकंदांच्या पुढे एक रुंद, बसका उंचवटा उठला. थेंबांचा झोत अडवला, उंचवटा गेला. झोत सोडला, परत आला. असं मी सहा वेळा केलं.

मग रात्रभर स्पंदांमधलं अंतर बदलत मोजमाप घेतलं. सुट्या आयनांचा आलेख जिथे खाली उतरत होता, नेमका तिथेच जड आयनांचा वर चढत होता.