मोठ्या पानावरचा यंत्रमानव, लहान पानावरचा व्हॅम्पायर

जुन्या अमेरिकन कॉमिकची मूळ पाने, म्हणजे छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेली पाने, आणि अंक जमवणारे आम्ही तिघे जण परवा एकत्र बसलो होतो. माझा मित्र कित्येक वर्षे केवळ यंत्रमानवांच्या मागे आहे, मी व्हॅम्पायरच्या. आणि ज्यांच्या टेबलाभोवती आम्ही बसलो होतो ते ज्येष्ठ संग्राहक दोन्हींवर सारखेच प्रेम करतात. त्यांनी आमच्यापुढे दोन मूळ पाने शेजारी शेजारी ठेवली. एक १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे, यंत्रमानवांचे. दुसरे १९७०च्या दशकातले, ड्रॅक्युलाचे. चित्रांच्याही आधी नजरेत आला तो आकारातला फरक. यंत्रमानवांचे पान टेबलाचा मोठा भाग व्यापून होते आणि ड्रॅक्युलाचे त्याच्या शेजारी धाकट्या भावंडासारखे दिसत होते.

या फरकाचे एक कारण सरळ आहे. साधारण १९६७पर्यंत अमेरिकन कॉमिकचे चित्रकार छापील पानाच्या सुमारे दुप्पट लांबीरुंदीच्या कागदावर काम करत. त्यानंतर हे प्रमाण सुमारे दीडपटीवर आले आणि चित्राचा भाग १० बाय १५ इंचांचा झाला. परंतु मित्राने विचारलेला प्रश्न याच्या पुढचा होता. त्याच्या संग्रहात मोठ्या आकाराचे यंत्रमानव पुष्कळ आहेत. मग १९६०च्या दशकातल्या रंगीत कॉमिकमधला एखादा खराखुरा व्हॅम्पायर मोठ्या कागदावर माझ्याकडे का नाही?

याचे उत्तर १९५४मध्ये आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने कॉमिक आणि बालगुन्हेगारी या विषयावर सुनावण्या घेतल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी प्रकाशकांच्या संघटनेने स्वतःच कॉमिक्स कोड नावाची नियमावली तयार केली. या नियमावलीने चालती प्रेते, व्हॅम्पायर, नरभक्षण आणि नरलांडगे यांची दृश्ये नावानिशी निषिद्ध ठरवली. कोडची मुद्रा नसलेला अंक बहुतेक वितरक हाताळत नसत, त्यामुळे हा स्वेच्छेचा म्हटलेला नियम प्रत्यक्षात बंदीच ठरला. यंत्रमानवांवर मात्र कोणाचाच आक्षेप नव्हता. मला नेहमी वाटते की पुढची १७ वर्षे माणसासारखा दिसणारा, पण माणूस नसलेला पाहुणा म्हणून जे काम व्हॅम्पायरने केले असते, त्यातले बरेचसे यंत्रमानवाने एकट्याने केले. १९७१मध्ये बंदी उठेपर्यंत कागद लहान झाला होता. आमच्या टेबलावरचा फरक असा त्या दोन तारखांमधून आलेला होता.

यंत्रमानवांवर आक्षेप नव्हता असे मी म्हटले, पण त्याला एक ठळक अपवाद आहे आणि त्या संध्याकाळी आमचे सर्वांत जास्त बोलणे त्याच्यावरच झाले. ईसी या प्रकाशनाने १९५३मध्ये ‘जजमेंट डे’ ही छोटी कथा छापली. लेखन अल फेल्डस्टीन यांचे, चित्रे जो ऑर्लँडो यांची. केवळ यंत्रमानवांची वस्ती असलेल्या एका ग्रहावर पृथ्वीचा प्रतिनिधी येतो. तिथे नारिंगी यंत्रमानव सत्ता गाजवतात आणि निळ्यांना वेगळ्या वस्तीत राहावे लागते. वास्तविक दोघांची घडण एकच, फरक फक्त बाहेरच्या आवरणाच्या रंगाचा. प्रतिनिधी त्या ग्रहाला प्रजासत्ताकात प्रवेश नाकारतो, आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण उतरवतो तेव्हा तो कृष्णवर्णीय माणूस असल्याचे आपल्याला दिसते. हीच कथा पुन्हा छापण्याची वेळ आली तेव्हा कोडच्या प्रशासकांनी त्या माणसाच्या वर्णाला हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी माघार घेतली नाही. १९५६मध्ये कथा आहे तशी छापली गेली आणि तो अंक ईसीचा शेवटचा कॉमिक अंक ठरला.

मी ही कथा प्रथम रंगीत वाचली आणि पुढे कृष्णधवल पुनर्मुद्रणात पाहिली. कॉमिकचे मूळ पान काळ्या शाईचेच असते. रंगांच्या सूचना वेगळ्या प्रतीवर दिल्या जातात आणि रंग छपाईच्या वेळी चढतात. त्यामुळे ऑर्लँडो यांच्या रेषेत नारिंगी आणि निळा यंत्रमानव वेगळा ओळखताच येत नाही. कथा शब्दांत जे सांगते ते मूळ रेखाटनाने आधीच करून ठेवलेले आहे. हे मी बोलून दाखवले तेव्हा मित्र बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने तीच चौकट पुन्हा पाहायला मागितली.

त्याचे खरे दैवत मात्र चित्रकार रस मॅनिंग. १९६३मध्ये गोल्ड की या प्रकाशनाने सुरू केलेल्या ‘मॅग्नस, रोबॉट फायटर’मध्ये इसवी सन ४०००मधला नायक नुसत्या हातांनी पोलादी यंत्रमानव मोडतो, आणि या नायकाला वाढवणारा, शिकवणारादेखील एक यंत्रमानवच असतो. मॅनिंग धातू कसा काढत हे मित्राने फार चांगले समजावून सांगितले. छटा जवळजवळ नाहीत. वळणाच्या कडेला एक जाड रेष, तिच्या आत कोरा कागद आणि परावर्तनाची एखादी बारीक काळी पट्टी. उरलेली चमक आपला डोळा भरून काढतो. रेष किंचित थरथरली तरी पोलादाचा पत्रा मऊ वाटू लागेल, इतका हा हिशेब काटेकोर आहे.

व्हॅम्पायरचे गणित याच्या उलट चालते. १९७१च्या सुरुवातीला कोड शिथिल झाला आणि ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांच्यासारख्या अभिजात साहित्याच्या परंपरेत हाताळलेले व्हॅम्पायर चालतील असे ठरले. चालत्या प्रेतांवरची बंदी मात्र तशीच राहिली. त्याच वर्षी लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार गिल केन यांनी स्पायडरमॅनच्या १०१व्या अंकात मॉर्बियस आणला. तो शापाने नव्हे, तर स्वतःच्या रक्तविकारावर केलेल्या प्रयोगाने रक्तपिपासू झालेला शास्त्रज्ञ आहे. मला तो अर्धा यंत्रमानवांच्या कुळातला वाटतो. खरा पुनर्जन्म १९७२च्या ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’मध्ये झाला. ही मालिका जीन कोलान यांना इतकी हवी होती की काम दुसऱ्या चित्रकाराकडे जात आहे असे कळल्यावर त्यांनी स्वतःहून नमुन्याचे पान काढून संपादकांकडे पाठवले. जॅक पॅलन्स या अभिनेत्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी आपला ड्रॅक्युला घडवला आणि मालिकेचे सर्व ७० अंक काढले.

कोलान पेन्सिलने धुके काढत. त्या करड्या धुक्याचे काळ्यापांढऱ्यात रूपांतर करण्याचे अवघड काम बहुतेक अंकांत टॉम पामर यांनी केले, आणि ते कसे केले हे स्वस्त वृत्तपत्री कागदावर कळत नाही, कारण तिथे शाई शोषली जाऊन सगळा काळोख सपाट होतो. मूळ पानावर तोच काळोख जिवंत असतो. कुंचल्याचे फटके एकमेकांवर चढलेले दिसतात, एखाद्या ठिकाणी शाई पातळ होऊन तपकिरी पडलेली असते, झग्याची कड पांढऱ्या रंगाने मागाहून सावरलेली असते. मॅनिंगचा धातू कोऱ्या कागदातून उजळतो, तर कोलान यांचा ड्रॅक्युला त्याच कागदाला झाकत पुढे येतो. यांपैकी काय अधिक कठीण, यावर आमचे एकमत झाले नाही. मी अजूनही काळ्याच्या बाजूने आहे.

जपणुकीविषयी एकच आग्रहाने लिहितो. या पानांवर चिकटवलेल्या शीर्षकपट्ट्या रबर सिमेंट या गोंदामुळे पिवळ्या पडतात आणि कधीकधी सुटूनही येतात. त्या पुसून, बदलून पान नवे करण्याचा मोह आवरावा. समासातल्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा आणि संपादकाच्या सूचनाही तशाच राहू द्याव्यात. आम्लविरहित पुठ्ठा, पॉलिएस्टरचे पाकीट आणि अंधारी कोरडी जागा एवढे पुरेसे आहे.

निघण्यापूर्वी ज्येष्ठांनी ड्रॅक्युलाचे पान अलगद उलटे केले. मागच्या बाजूला, फिकट झालेल्या शाईत, कॉमिक्स कोडचा मंजुरीचा शिक्का होता. मित्राने मग आपल्या यंत्रमानवांचे पानही उलटून पाहायला सांगितले.