समुद्राकडे पाठ करून उभं राहा

"मॉरिशसला राहायला गेलात ते ठीक, पण तिथला नेमका माहेबूरचाच किनारा कसा काय निवडलात?" हा प्रश्न मला डोंबिवलीच्या जुन्या शेजाऱ्यांनी विचारलाय, यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी विचारलाय आणि भाच्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अगदी अनोळखी बाईंनीही विचारलाय. विचारणारे बहुतेक साठीच्या अलीकडचे-पलीकडचे असतात. प्रश्न आमच्याबद्दल असला तरी मनात स्वतःचा हिशोब चाललेला असतो. म्हणून यावेळी नुसतं "छान आहे हो" म्हणून न सोडता नीट सांगते.

आधी मॉरिशसच का, ते सांगते. हे 1998 ते 2001 तिथल्या एका कापड कारखान्यात नोकरीला होते. तेव्हा तिथल्या गिरण्यांत भारतातून गेलेले बरेच तंत्रज्ञ होते. मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे मुलांना घेऊन मे महिन्याच्या सुट्टीत जायचे. म्हणजे देश ओळखीचा होता. शिवाय घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. इकडे सकाळचे आठ वाजले की तिथे साडेसहा, त्यामुळे मुलीशी, बहिणीशी बोलायला रात्र जागवावी लागत नाही. वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून दहा वर्षांचा राहण्याचा परवाना मिळतो. अट अशी, की दरमहा ठरावीक डॉलर बाहेरून तिथल्या बँकेत आले पाहिजेत, आणि नोकरी करायची नाही. ही रक्कम मधूनमधून बदलते, त्यामुळे ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, तिथल्या सरकारच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडूनच खात्री करून घ्या.

आणि कोकण का नाही, हाही प्रश्न येतोच. माझं माहेर चिपळूणचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्याच्या खालच्या फळीपर्यंत चढलं. आईच्या लग्नातलं जातं आणि आजोबांच्या हिशोबाच्या वह्या, सगळं चिखलात गेलं. भावाने नंतर ते घर विकलं. त्याला मी दोष देत नाही. पण त्या दिवसापासून कुठलंही घर बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो : पाणी आलं तर कुठून येईल आणि कुठे जाईल?

यातूनच आमची किनारा निवडायची रीत ठरली. जागा बघायला गेलात की समुद्राकडे पाठ करून उभं राहा आणि मागे काय आहे ते बघा. समुद्र सगळीकडे सुंदरच असतो. राहायचं असतं ते त्याच्या मागच्या गल्लीत.

आम्ही पहिली चूक केली ती पश्चिमेला. फ्लिक आँ फ्लाकला तीन महिन्यांसाठी फ्लॅट घेतला. हवा कोरडी, समुद्र शांत, संध्याकाळ तर डोळ्यांत साठवावी अशी. या बेटावर वारा बाराही महिने मुख्यतः आग्नेयेकडून येतो. मधल्या पठारावर चढताना तो सगळं पाणी तिथेच टाकतो, म्हणून पठारावरच्या क्यूरपीप गावाला सदा पाऊस आणि पश्चिम किनारा कोरडा. आपल्याकडे घाटमाथा भिजतो आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं, तोच न्याय. तेव्हा हवेसाठी पश्चिम उत्तमच. पण आमच्या इमारतीत दर आठवड्याला माणसं बदलायची. जिन्यात हसून ओळख झालेलं जोडपं शनिवारी बॅगा ओढत निघून जायचं. तीन महिन्यांत एकाही शेजाऱ्याचं नाव पाठ झालं नाही. दक्षिणेकडे तामारँ आणि रिव्हिएर न्वारच्या बाजूला परदेशी लोकांच्या छान वसाहती आहेत, पण तिथे पावलोपावली गाडी लागते. यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आम्ही रात्री गाडी चालवणं बंद केलंय. दूध आणायला टॅक्सी बोलवायची, असं म्हातारपण मला नको होतं.

उत्तरेला ग्राँ बे, पेरेबेर. दुकानं, हॉटेलं, दवाखाने सगळं हाताशी. ज्यांना वर्दळ हवी त्यांनी बेलाशक तिथे जावं. आम्हाला गजबज सोसत नाही. पूर्वेचा बेल मार मी एकदाच पाहिला, ऑगस्टमध्ये, आणि वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली म्हणून अर्ध्या तासात परत फिरलो.

शेवटी स्थिरावलो ते आग्नेयेला, माहेबूरमध्ये. हवेच्या दृष्टीने बघाल तर ही निवड उलटीच. जून ते सप्टेंबर वारा सरळ अंगावर येतो. पहिल्या वर्षी कपाटातल्या सुती साड्यांच्या घड्यांवर पांढरी बुरशी धरली. आईची इरकल बाहेर काढली तर काठावर ठिपकेच ठिपके. ती उन्हात धरून एकेक ठिपका मऊ फडक्याने पुसत मी दुपारभर अंगणात बसले होते. आता कपाटाची दारं दिवसा उघडी ठेवते आणि आत एक छोटा दिवा लावून ठेवते. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजतात, फ्रिजची मागची जाळी दोन वर्षांत खडबडीत होते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-नाशिकहून येणाऱ्याने घरखर्चात हा दुरुस्तीचा रकाना आधीच धरावा.

मग माहेबूरच का? कारण समुद्राकडे पाठ केली की मागे गाव आहे. बस स्टँड आहे. सोमवारचा बाजार आहे. 1870 पासून कसाव्याची, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याची, बिस्किटं भाजणारा कारखाना आहे. हॉटेलातले पाहुणे निघून गेले तरी हे गाव चालूच राहतं.

त्या बाजाराबद्दल थोडं सांगायलाच हवं. पहिल्या सोमवारी मी पिशवी घेऊन गेले तेव्हा मला ना फ्रेंच येत होतं ना क्रिओल, म्हणजे इथली रोजची बोली. भाजीवालीने भेंडी उचलून दाखवली, "लालो." कारल्याला म्हणाली "मार्गोज." मग तिने एक हिरवी जुडी माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाली, "कोतोमिली." कोथिंबीर! शेजारी कढीपत्त्याची डहाळी होती, तिला "कारिपुले." हे दोन्ही शब्द तमिळ मजुरांबरोबर आले आणि इथल्या सगळ्यांच्या तोंडी बसले. शेवग्याच्या पाल्याची जुडी बघून तर मला गहिवरून आलं. डोंबिवलीत तो पाला मिळवायला ओळखीच्या बाईला आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागायचं. आता ती भाजीवाली मला लांबूनच "तांतिन!" अशी हाक मारते, म्हणजे मावशी, आणि पाला माझ्यासाठी बाजूला ठेवते. निवृत्तीची जागा निवडताना लोक घराच्या किमती आणि कराचे दर मांडून बसतात, तेही करावंच. पण आपल्याला नावाने किंवा नात्याने हाक मारणारं माणूस किती दिवसांत भेटेल, हेही त्या कागदावर लिहा, असं मी सगळ्यांना कळवळून सांगते.

दुसरं कारण इस्पितळ. रोझ बेलचं जवाहरलाल नेहरू इस्पितळ आमच्याकडून जवळ आहे. एका रात्री यांच्या छातीत दुखायला लागलं. पित्तच निघालं, पण गाडीत बसल्यापासून दारात पोचेपर्यंत मी किती वेळा घड्याळ बघितलं ते माझं मला माहीत. मोठी खाजगी क्लिनिकं मात्र बहुतेक पठारावर नाहीतर राजधानी पोर्ट लुईच्या बाजूला आहेत. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा एकदा रात्री, आणि एकदा सकाळी ऑफिसच्या वेळेला, घरापासून इस्पितळापर्यंत स्वतः जाऊन बघा. भारतातला मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही, त्यामुळे वेगळा विमा लागतो आणि वयाबरोबर त्याचा हप्ता चढत जातो. हा खर्च घरभाड्याच्या आधी मांडा.

घर विकत घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. परदेशी माणसाला तिथे कुठलंही घर घेता येत नाही. सरकारने ठरवलेल्या योजनांतली घरं किंवा किमान दोन मजले वर असलेल्या इमारतीतले फ्लॅट एवढंच सहसा घेता येतं, तेही किमतीच्या अटी घालून. शिवाय भरतीच्या रेषेपासून साधारण 81 मीटरचा पट्टा सरकारी मालकीचा. फ्रेंचांच्या काळापासूनचा हा नियम आहे. त्यामुळे "वाळूवरचं घर" म्हणून जे दाखवतात ते बहुधा भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर असतं. पट्टा किती वर्षांचा उरलाय ते आधी विचारा. आम्ही भाड्यानेच राहतो, समुद्रापासून सात-आठ मिनिटं आत, थोड्या चढावर. चढ मी स्वतः पाहून घेतला. घरमालकाला वाटलं मी अंगण बघतेय. मी गटार कुठे उतरतं ते बघत होते.

घर सिमेंटचं, सपाट छताचं आहे. गावातली बहुतेक घरं तशीच. 1960 साली जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली आणि लाकूड-पत्र्याची हजारो घरं उडून गेली, त्यानंतर लोक पक्कं बांधायला लागले. वादळाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. चौथा लागला म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झाले. जानेवारी 2024 मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. आम्ही खिडक्या लावून, बादल्या भरून, मेणबत्त्या आणि पोळ्यांचा डबा घेऊन मधल्या खोलीत बसलो होतो. वाऱ्याचा तो आवाज मी मे महिन्याच्या सुट्ट्यांत कधी ऐकलाच नव्हता. शेजारची दीदी, भोजपुरी घरातली सत्तरीची बाई, वारा थोडा उतरल्यावर डोक्यावर गोणपाट घेऊन आली आणि दारातून ओरडून विचारून गेली, पाणी शिरलं का? शिरलं नव्हतं. ती गेल्यावर मी रडले. चिपळूणच्या त्या दिवशी आईला असं कुणी विचारायला येऊ शकलं नव्हतं, रस्ताच नव्हता.

याच दीदीने मला 2020 ची गोष्ट सांगितली. 25 जुलैला वाकाशिओ नावाचं जहाज आमच्या जवळच, प्वाँत देस्नीच्या खडकांवर चढलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. गावातली माणसं धक्क्यावर जमली. उसाचा पाला जाळीत भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. कुणी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. दीदीने स्वतःची वेणी दिली. ते सांगताना तिने मानेवरून हात फिरवला. समुद्राकडे पाठ करून बघायचं म्हणजे हीच माणसं बघायची.

आपली माणसं म्हणाल तर तीही आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. पणजोबांचं नावच पुढे आडनाव झालेलं. घरात क्रिओल बोलतात, मुलं शाळेत मराठी शिकतात. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. पहिल्या वर्षी एका घरी बोलावलं होतं. आरती म्हणताना शब्दांचे उच्चार फ्रेंच वळणाचे, पण एकही कडवं चुकलं नाही, टाळही बरोबर. नंतर पोरांनी फेर धरला, त्याला ते झाकरी म्हणतात. आमच्याकडची जाखडीच ती. यांची पावलं आपोआप पडायला लागली. पण खरं सांगते, मराठी माणसं आहेत म्हणून जागा निवडली असं नाही. गणपती वर्षातून एकदा येतो, सोमवारचा बाजार दर आठवड्याला भरतो.

कागदपत्रांचं थोडक्यात : भारतातली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करावी लागतात, माझ्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला पाठवावा लागतो, आणि डोंबिवलीच्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून ठेवलं ते बरं झालं. पोर्ट लुईला कामासाठी जायचं तर बसने क्यूरपीपपर्यंत आणि पुढे मेट्रोने जातो. ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलीय, हे प्रत्येक वेळी डब्यात बसल्यावर यांना आठवतं.

तर तुम्ही विचारलंत, आम्हीही बघायला येऊ का? जरूर या, वरची खोली रिकामीच असते. फक्त मे-जूनमध्ये किंवा नाताळात येऊ नका. एकदा ऑगस्टमध्ये या आणि एकदा फेब्रुवारीत, दोन्ही वेळा निदान तीन आठवडे राहा, आणि मधला एक तरी सोमवार माझ्याबरोबर बाजारात घालवा. येताना गोडा मसाला आणि कोकमं आणा, इथे मिळत नाहीत. छत्री आणू नका, वाऱ्यात काड्या मोडतात. रेनकोट आणा.