थांब्यावर उभी बस आणि वाया गेलेला हिरवा दिवा

सिग्नलवर बसला प्राधान्य देण्याच्या चाचणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला मी पुण्यातील एका गजबजलेल्या चौकात, सिग्नलच्या नियंत्रक पेटीशेजारी वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. योजना साधी होती. बस चौकापासून दीडशे मीटरवर आली की तिच्यातील जीपीएस यंत्राकडून नियंत्रकाला सूचना मिळे. त्या वेळी दिवा हिरवा असेल तर तो जास्तीत जास्त दहा सेकंद लांबे, आणि लाल असेल तर आडव्या रस्त्याचा हिरवा दिवा, पादचाऱ्यांना लागणारा किमान वेळ राखून, थोडा आधी संपे. पुण्यात 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका झाली, पण मार्गिका कितीही वेगळी असली तरी चौकात आडव्या वाहतुकीला वाट द्यावीच लागते आणि मधे कमावलेली मिनिटे तिथे जातात. भरलेल्या बसमध्ये पन्नास-साठ माणसे असतात, तर तेवढ्याच जागेतील दोन-तीन मोटारींत चार-पाच. म्हणून वाहनांऐवजी माणसे मोजली की बससाठीचे ते दहा सेकंद मुळीच महाग वाटत नाहीत. निदान कागदावर तरी.

नोंदींनुसार यंत्रणा चोख चालली होती, सूचना येत होत्या, दिवा लांबत होता. तरीही बसचा वेळ वाचत नव्हता आणि आडव्या रस्त्यावरची रांग मात्र वाढत होती. अखेर तिथले हवालदार वैतागून माझ्याकडे आले. "साहेब, बस तर तिकडं थांब्यावरच उभी आहे. हा हिरवा चाललाय कुणासाठी?"

मी मान वळवली. थांबा सिग्नलच्या अलीकडे जेमतेम चाळीस मीटरवर होता. एक आजी पिशवी सावरत चढत होत्या, मागचा मुलगा "स्टेशनला जाते का?" असे विचारत होता, तेवढ्यात वाढवलेले दहाही सेकंद सरले, आणि वाहकाने डबल बेल दिली तेव्हा दिवा नुकताच लाल झाला होता. आडव्या रस्त्यावर ताटकळलेल्या वाहनांत दोन बसही होत्या, हे पाहून मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. चूक माझी होती. मी सूचनेचे ठिकाण जुन्या नकाशावरून ठरवले होते. त्यात थांबा चौकाच्या पलीकडे दाखवलेला होता आणि मधल्या काळात तो अलीकडे आला होता. प्रत्यक्ष जागेवर एक फेरी मारली असती तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते.

दुपारी आम्ही सूचना दीडशे मीटरवरून काढून दार बंद होण्याशी जोडली, कारण प्रवासी चढायला किती वेळ लावतील हे कोणतेही यंत्र आधी सांगू शकत नाही. खरा उपाय थांबा पलीकडे नेण्याचा होता, म्हणजे बस आधी दिवा ओलांडेल आणि मग निवांत थांबेल. त्यासाठीचे पत्र मी त्याच दिवशी दिले, पण पलीकडे रिक्षांची रांग आणि दुकानांची दारे असल्यामुळे ते काम लवकर होणारे नव्हते.

संध्याकाळच्या गर्दीत पहिल्या बसचे दार बंद झाले आणि मी स्टॉपवॉच दाबले. हिरवा दिवा सात सेकंद लांबला आणि बस चौक ओलांडून गेली. हवालदारांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मग झेब्रा क्रॉसिंगवर पुढे सरकलेल्या दुचाकीस्वारांना मागे हटवायला ते वळले.