तुम्ही विचारलंत म्हणून: इंदुरात राहून आल्प्सचे घाट

आल्प्सच्या खिंडींतून सायकल चालवून आल्यापासून इंदूरच्या मराठी मंडळींत, मग ते रामबागेतले लग्न असो की गणपतीची आरती, मला एकच प्रश्न विचारला जातो: "इंदुरात डोंगर आहेत कुठे? मग तिकडच्या चढांचा सराव केलात तरी कसा?" हातात प्रसादाचा द्रोण असताना याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, आणि दिलेच तर विचारणाऱ्या काकांना मी काहीतरी लपवते आहे असे वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आल्प्सचे रस्ते भयंकर खडे असतील असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. इटलीतल्या स्टेल्व्हियो खिंडीचेच उदाहरण घेऊ. तिचा माथा २७५७ मीटरवर आहे आणि तिथवरचा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात, लोम्बार्डी आणि टिरोल हे आपले दोन प्रांत जोडण्यासाठी बांधून घेतला. कार्लो दोनेगानी या अभियंत्यापुढची अट सरळ होती: मोटार नावाची वस्तू अजून जन्मायची होती, त्यामुळे गाडी ओढणाऱ्या घोड्यांना झेपेल एवढाच चढ ठेवणे भाग होते. डोंगराची भिंत तर उभी, मग रस्ता लांबवत नेण्यावाचून उपाय नव्हता, आणि त्यातूनच प्रातो गावाच्या बाजूची ती प्रसिद्ध ४८ वळणे तयार झाली. परिणाम असा की २४ किलोमीटरांत सुमारे १८०० मीटर चढूनही सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या आतच राहतो. आपल्या जाम घाटात याच्या तोडीचे तुकडे आहेत. फरक एवढाच की जाम घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि स्टेल्व्हियोवर तेवढ्या वेळात आपण अजून पाइनच्या जंगलातच असतो.

थोडा हिशेब केला की गोष्ट अधिक स्पष्ट होते. अंगाचे वजन, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि कपडे मिळून ८५ किलो धरले, तर ते ओझे तीन तासांत १८०० मीटर वर नेण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सरासरी १४० वॉट लागतात. टायरचे घर्षण मिळवले की दीडशे. दीडशे वॉट म्हणजे काही मोठी मर्दुमकी नव्हे. नियमित सायकल चालवणारा पन्नाशीतला माणूससुद्धा तेवढा जोर वीस मिनिटे सहज लावू शकतो. अवघड असतात ते त्यापुढचे अडीच तास, कारण सपाटीवर पाय थांबले तरी चाक पुढे जात राहते आणि नकळत उसंत मिळते, चढावर मात्र पायांबरोबर चाकही थांबते. माझे म्हणणे एवढेच आहे की आल्प्सचा चढ ताकद मागत नाही, एकसारखेपणा मागतो, आणि एकसारखेपणाचा सराव करण्यासाठी डोंगर असावाच लागतो असे नाही.

इंदुरात तो सराव वाऱ्यावर होतो. उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्यात, माळव्याच्या पठारावर पश्चिमेकडून जो वारा सुटतो त्याच्या तोंडावर बेटमा-धारच्या दिशेने सायकल काढावी. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल आणि आपणही ताशी वीसच्याच वेगाने जाऊ पाहत असू, तर लागणारा जोर पुन्हा दीडशे वॉटच्या आसपासच भरतो. म्हणजे स्टेल्व्हियो आडवा करून आपल्या दारात ठेवलेला आहे. अडचण अशी की हा वारा ऊन चढू लागल्यावर जोर धरतो, त्यामुळे ज्या वेळी घरातली सगळी माणसे बाहेर पडू नकोस म्हणून बजावतात त्याच वेळी निघावे लागते. पाणी, मीठ आणि परतीची वेळ यांचे भान ठेवले नाही तर हा सराव अंगाशी येतो, हे घरच्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी निघतेच, ही गोष्ट वेगळी.

दुसरी जागा जाम घाटाची. महूच्या पुढे विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा उभा आहे आणि तिथून रस्ता निमाडात, मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरतो. इंदूर पठारावर असल्यामुळे आमच्या वाट्याला घाट उलटा येतो: सकाळी ताज्या पायांनी उतार, आणि नर्मदाकाठी पोहे खाऊन परतताना, अंगात सत्तर-ऐंशी किलोमीटर मुरलेले असताना, चढ. युरोपातला सायकलवाला आधी कष्ट करून मग उताराची मजुरी घेतो. आम्ही मजुरी आगाऊ उचलतो आणि दुपारभर ती फेडत बसतो. दमलेल्या पायांनी चढण्याचा असा सराव पुण्याच्या मित्रांनाही सिंहगडावर मिळत नाही, हे मी त्यांना अनेकदा ऐकवले आहे.

गिअरबद्दल मात्र काटकसर करू नये. पुढे ३४ दातांची आणि मागे ३२ दातांची चकती असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे ठेवले की वेग ताशी आठ किलोमीटर, आणि बरोबर तीन तासांत माथा. मागची सर्वांत मोठी चकती २८ दातांची असेल तर त्याच वेगाला मिनिटाला बावन्नच फेरे पडतात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा दाब वाढतो आणि तिसऱ्या तासाला गुडघा त्याचा हिशेब मागतो. इंदुरात बहुतेकांच्या सायकली सपाटीच्या हिशेबाने घेतलेल्या असतात, तेव्हा जायचे ठरले की आधी मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलावी. खाण्याचे फार कौतुक करण्याची गरज नाही. दर अर्ध्या तासाला शेंगदाण्याची चिक्की किंवा खजूर, भूक लागण्याची वाट न पाहता.

विरळ हवेचाही प्रश्न येतो, आणि त्यापाठोपाठ "मग लडाख का नाही?" हाही. स्टेल्व्हियोच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७१ टक्के असतो, त्यामुळे शेवटच्या सहा-सात किलोमीटरांत श्वास लवकर भरून येतो आणि वेग आपोआप उतरतो. पण लेह शहरच सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे स्टेल्व्हियोच्या माथ्यापेक्षा कितीतरी उंच. तिथे आधी काही दिवस नुसते बसून शरीराला सवय लावावी लागते. आल्प्समध्ये सकाळी खाली नाश्ता करून दुपारी खिंड ओलांडता येते. दोन्ही खेळ वेगळे आहेत आणि मला हा जमतो.

इंदुरात ज्याचा सराव मुळीच होऊ शकत नाही तो उतार, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नाही. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, म्हणजे प्रातोत वीस अंश असतील तर माथ्यावर आठच. तीन तास घामाने भिजलेले अंग घेऊन ताशी पन्नासच्या वेगाने त्या हवेत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बोटे बधिर होतात, आणि ब्रेक तर बोटांनीच दाबायचे असतात. जुने शर्यतवाले माथ्यावरच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवत, ते यासाठीच. १९८८च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या सायकल शर्यतीमध्ये गाव्हिया खिंडीत बर्फ पडत असताना अँडी हॅम्पस्टनने त्या दिवशी अंगावर चढवलेला, शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याचा गुलाबी जर्सी शेवटपर्यंत उतरू दिला नाही, आणि त्या दिवशीची खरी परीक्षा बोर्मियोकडच्या उतारावरच होती. २०१९च्या तूर द फ्रान्समध्ये तर इझराँ खिंडीपलीकडे गारा आणि दरडींमुळे रस्ताच बंद झाला आणि टप्पा अर्ध्यावर थांबवून माथ्यावरची वेळ ग्राह्य धरावी लागली. जुलैचा शेवटचा आठवडा होता तो, आपल्याकडे छत्री घेऊन निघण्याचा. म्हणून विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, खाली कितीही ऊन असले तरी, पाठीच्या खिशात असलेच पाहिजेत.

ब्रेक सतत दाबून धरू नयेत. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटण्याची भीती असते. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग उतरवावा, वळणात सोडून द्यावेत आणि नजर खड्ड्याकडे किंवा दरीकडे न ठेवता वळण जिथे सुटते तिथे ठेवावी. शिवाय तिथली वाहतूक उजवीकडून चालते हे डोक्याला पाठ असले तरी अंगाला नसते. चढताना चूक सुधारायला वेळ मिळतो, उतरताना अरुंद वळणावर अंग सवयीने डावीकडे ओढते. शेजारच्या उंब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरलात तर पिवळ्या टपाल बसचा तीन सुरांचा भोंगा ऐकू येईल. तो ऐकल्यावर खरोखर बाजूला व्हायचे असते, कारण तिथल्या डोंगरी रस्त्यांवर तिचा हक्क पहिला असतो. इंदूरकराला हे जरा जड जाते. आपल्याकडे भोंगा हा श्वासोच्छ्वासासारखा चालूच असतो.

जायचा विचार असेल तर खिंड बर्फामुळे हिवाळाभर बंद असते आणि साधारण मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडते, हे धरून तिकिटे काढावीत. आमच्या दृष्टीने हे वेळापत्रक सोयीचे आहे, कारण धारच्या रस्त्यावरचा वारा त्याआधीच भरपूर खाऊन झालेला असतो. मोटारसायकलींच्या गर्दीचा त्रास नको असेल तर उन्हाळा सरताना एक दिवस स्टेल्व्हियोचा रस्ता मोटारगाड्यांना बंद ठेवून फक्त सायकलींसाठी खुला ठेवतात. त्याची तारीख दर वर्षी आधी जाहीर होते आणि मुक्कामाच्या खोल्या लवकर भरतात.